जागा बघायला येणाऱ्यांस

उळवी, ता. जोयडा, जि. उत्तर कन्नड
माघ वद्य पंचमी

शहर सोडून इकडे घर करू पाहणाऱ्या बंधुभगिनींनो,



तुम्ही पुण्याहून, कोल्हापूरहून, बेळगावहून येता, कधी मडगावहून. चन्नबसवेश्वराच्या देवळापाशी गाडी लावता, दर्शन घेता, चहा पिता आणि समोर जो दिसेल त्याला विचारता, "इथं राहायला कसं काय? फायदे काय, तोटे काय?" मराठी बोलणारी बाई म्हणून माझा नंबर कुणीतरी देतं. मग मोबाइलवर यादी येते. एका बाजूला हवा, पाणी, शांतता, परवडणारी जमीन. दुसऱ्या बाजूला नेटवर्क, दवाखाना, शाळा, साप. सुरुवातीला मी हौसेनं उत्तरं देत असे. आता ती हौस उरली नाही. उत्तरं नेलेल्यांपैकी राहायला आले थोडे, जागा घेतल्या मात्र बऱ्याच जणांनी. म्हणून एकेकट्याला लिहीत बसण्यापेक्षा सगळ्यांना मिळून हे पत्र.

मी स्वतः बाहेरचीच. माहेर खानापूर तालुक्यातलं. सरकारी मराठी शाळेवर नेमणूक झाली म्हणून या तालुक्यात आले, लग्न इथंच केलं, निवृत्तीनंतर इथंच राहिले. नेमणुकीच्या कागदावर फायद्या-तोट्यांचा रकाना नसतो, त्यामुळं ते गणित मी कधी मांडलं नाही. तुम्ही मांडता याबद्दल तक्रार नाही. पोराबाळांना घेऊन गाव बदलायचं तर माणसानं विचार करायलाच हवा. तक्रार आहे ती तुम्ही कधी मांडता आणि कुणाच्या बाजूनं मांडता, याबद्दल.

आधी 'कधी'चं बोलू. तुम्ही सगळे पौष-माघात येता. भारत हुण्णिमेच्या, म्हणजे माघी पौर्णिमेच्या, जत्रेला धारवाड, बेळगाव, हावेरीकडून सजवलेल्या बैलगाड्यांची रांग लागते, रथ ओढला जातो, रस्ते झाडलेले असतात, बस जादा असतात, पोलीस असतात, डॉक्टरांचं पथकसुद्धा असतं. हवा अशी की पंखा नको आणि स्वेटरही नको. या दिवसांतली उळवी बघून इथं राहायचं ठरवणं म्हणजे लग्नाच्या हॉलमध्ये सासर जोखणं.

आषाढात या. याच तालुक्यातलं कॅसलरॉक हे राज्यातल्या सर्वांत ओल्या जागांपैकी एक आहे, आणि त्या पावसाला तालुक्याच्या हद्दी कळत नाहीत. पडवीला झाप बांधावे लागतात. कपड्यांना बुरशी, पुस्तकांना बुरशी, भिंतीतून ओल. जळण मेच्या आत भरलं नसेल तर गॅसची टाकी संपेल त्या दिवशी तुमची पंचाईत. अंगणातून गोठ्यापर्यंत गेलं तरी पायाला जळवा. झाड आडवं पडलं की बस येत नाही आणि वीजही जाते, कारण तारा त्याच जंगलातून येतात. लाइनमन बिचारा एकटा, त्याच्या वाट्याला मैलोगणती रान. इथून डोंगर उतरलं की कारवार तालुक्यात कैगा अणुवीज केंद्र आहे. त्यातल्या एका संचानं ९६२ दिवस न थांबता वीज बनवून २०१८ च्या अखेरीस जगात विक्रम केला. त्याची बातमी आम्ही वाचली. आमच्या काळी नदीवर सुपा, कोडसळ्ळी, कद्रा अशी धरणं, नागझरीला वीजघर. एवढी वीज ज्या खोऱ्यातून जाते तिथं पहिल्या वादळात कंदील शोधावा लागतो, हे तुमच्या यादीत 'लोड-शेडिंग' एवढ्या एका शब्दात बसत नाही. घरून काम करायचं म्हणणाऱ्यांनी तर जुलैतला एक आठवडा इथं काढून मगच साहेबांना शब्द द्यावा.

दवाखान्याबद्दल स्पष्ट सांगते, कारण विचारणाऱ्यांत साठीकडे झुकलेले, रक्तदाबाची गोळी खिशात असलेले पुष्कळ असतात. प्राथमिक उपचार मिळतील. त्यापुढचं काही झालं तर आधी दांडेली, मग धारवाड-हुबळी किंवा बेळगाव, नाहीतर घाट उतरून गोव्यात बांबोळीचं गोवा वैद्यकीय महाविद्यालय. आमचा जिल्हा मोठा आहे, कारवारला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय झालंय, पण सगळ्या मोठ्या उपचारांची सोय असलेलं रुग्णालय मिळावं म्हणून जिल्ह्यातल्या तरुणांनी २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये समाजमाध्यमांवर मोहीम चालवली. 'रुग्णालय नाही तर मत नाही' इथवर गोष्ट गेली होती. यावरून काय ते समजा. रात्री छातीत कळ आली तर अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका, वळणांत मोजा.

आणखी एक गोष्ट कुणी विचारत नाही म्हणून मीच सांगते. माकडताप. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात तो पहिल्यांदा ओळखला गेला. आमच्या जिल्ह्यात सिद्धापूर, होन्नावरकडे त्याचे रुग्ण सापडत आले आहेत, आणि गेल्या दहा-बारा वर्षांत तो गोव्यातल्या सत्तरीत आणि महाराष्ट्रातल्या दोडामार्गातही पोचला. गोचिडीतून येतो. गोचिडी वाढतात त्या डिसेंबर ते मेमध्ये, म्हणजे तुम्ही हाफ पँट घालून पालापाचोळ्यातून 'ट्रेल' करता त्याच महिन्यांत. पूर्ण पँट घाला, घरी गेल्यावर अंग नीट तपासा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका, फोटो काढू नका, गावात सांगा.

इतकं वाचून ज्यांचा उत्साह मावळला, त्यांनी इथंच थांबावं. मला वाईट वाटणार नाही. पुढचं आहे ते ज्यांनी तरीही जमीन घ्यायचीच ठरवली आहे त्यांच्यासाठी.

२०२० साली कर्नाटक सरकारनं भूसुधारणा कायदा बदलला आणि शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन विकत घेण्याची वाट मोकळी झाली. महाराष्ट्रात अजून शेतकरी असल्याचा दाखला लागतो. त्यामुळं तिकडची मागणी घाटावरून इकडे सरकली, हे एजंटांना तुमच्या-माझ्यापेक्षा आधी कळलं. तुम्ही पैसे देता, नोंदणी करता, कायद्यानं सगळं बरोबर करता. मग पहिलं काम काय करता? तारेचं कुंपण घालता आणि लोखंडी गेट बसवता. त्या कुंपणातून झऱ्याकडे जाणारी पायवाट असते. गुरांची वाट असते. देवराईत वर्षातून एकदा गाऱ्हाणं घालायला जायचा रस्ता असतो. पहाणी उताऱ्यावर यातलं काहीही लिहिलेलं नसतं, कारण ज्यांच्या पायांनी ती वाट पडली त्यांना ती लिहून घ्यावी असं कधी वाटलं नाही. गेटला कुलूप लागतं, मालक पुण्याला जातो, राखणदार म्हणतो साहेबांना विचारा, आणि साहेबांचा फोन मीटिंगमध्ये असतो. बायांना पाण्याला वळसा पडतो तो कायमचा.

तेव्हा विनंती अशी. कुंपण घालण्याआधी शेजारच्या चार घरांना बोलवून वाटा विचारून घ्या, आणि त्या सोडा. एवढं केलंत तरी अर्ध्या गावाशी तुमचं नातं जुळेल. आणि साध्या बाँडपेपरवर 'ताब्यात आहे, पुढं नावावर होईल' म्हणून कुणी जमीन दाखवली तर हात जोडून परत जा. आमच्या जिल्ह्याचा बराचसा भाग वनखात्याचा. कित्येक घरांची पिढीजात शेती कागदावर अतिक्रमण आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दावे पडून आहेत. अशी जमीन तुम्हाला विकणारा अडचणीत असतो म्हणून विकतो. ती घेऊन तुमचंही भलं होत नाही आणि त्याचा दावाही जातो.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला घेतलं तिच्याकडे, म्हणजे 'कुणाच्या बाजूनं' याकडे येते.

तुम्ही पैसे मोजून या रानात येऊ बघता, त्याच वेळी या रानात जन्मलेल्या माणसांना इथून जाण्यासाठी पैसे दिले जातायत. दांडेली अभयारण्य आणि अणशी राष्ट्रीय उद्यान मिळून २००७ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला, २०१५ मध्ये त्याला काळी नदीचं नाव मिळालं. गाभा क्षेत्रातल्या कुटुंबांसाठी स्वेच्छेनं पुनर्वसनाची योजना आहे. कुटुंबामागे आधी दहा लाख होते, २०२१ पासून पंधरा लाख झाले. अठरा वर्षांवरचा मुलगा वेगळं कुटुंब धरला जातो. इथल्या रानातलं कुणबी घर म्हणजे एक चूल आणि तीन-तीन भावांचं खटलं. कागदावर ते घर चार-पाच कुटुंबांत वाटलं जातं, आणि एका भावाला जायचं असतं, दुसऱ्याला नसतं. योजना स्वेच्छेची आहे हे खरं. पण रस्ता होत नाही, शाळेत मास्तर टिकत नाही, आजाऱ्याला झोळीत घालून आणावं लागतं, अशा ठिकाणी स्वेच्छा म्हणजे काय हे मला अजून कुणी समजावून दिलेलं नाही. वाघ वाचावा असं मलाही वाटतं. कुणब्यांनाही वाटतं, व्याघ्रदेवाला नारळ देणारी माणसं आहेत ती.

यादी तेही करतात, पण तोंडी करतात. जाऊ की राहू? रामनगरला, दांडेलीला, की गोव्यात? म्हशी कुठं बांधायच्या? भाड्याच्या खोलीत म्हातारीला झोपायला पडवी मिळेल का? मूळपुरुषाचा देव हलवायचा की ठेवायचा? पैसे बँकेत ठेवले तर किती वर्षं पुरतील, थोरल्याने मोटारसायकल घेतली तर किती? माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी काहींनी माझ्यासमोर बसून हे हिशेब केले आहेत, आणि त्यांना काय सल्ला द्यावा हे मला सुचलेलं नाही. १९८७ मध्ये सुपा धरण पुरं झालं तेव्हा सुपा हे तालुक्याचं गावच पाण्याखाली गेलं, कचेरी जोयड्याला आली, पुष्कळांना रामनगरला वसवलं. त्या वेळचे लोक अजून सांगतात की भरपाईचा पैसा पहिल्या पावसाळ्यापर्यंत दिसत होता.

यात आणखी एक गाठ आहे. घाटाखाली गोव्यात कुणबी, गावडा, वेळीप यांना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. घाटावरच्या आमच्या कुणब्यांना नाही. भाषा तीच कोकणी, धालो-फुगडीही तीच, सोयरिकीसुद्धा इकडून तिकडे. तो दर्जा नाही म्हणून वनहक्काच्या दाव्यात त्यांना 'इतर पारंपरिक वननिवासी' धरतात आणि पंचाहत्तर वर्षांच्या वहिवाटीचा पुरावा मागतात. रानात राहणाऱ्यानं पंचाहत्तर वर्षांपूर्वीचा कागद कुठून आणावा?

आमची पोरं गोव्याला जातात. वेर्ण्याच्या कारखान्यांत, हॉटेलांत, बांधकामावर. त्यांनाही नवं शहर पारखावं लागतं. पण तुमची आणि त्यांची विचारण्याची रीत अगदी वेगळी. तुम्ही विचारता, तिथं काय आहे? ती विचारतात, तिथं आपलं कोण आहे? मावसभावाची खोली असली की शहर राहण्याजोगं ठरतं. मग घरमालक आधार कार्ड मागतो, अनामत मागतो, पोलिसांत नाव नोंदवतो, आणि कोकणी त्याच्याइतकीच चांगली बोलणाऱ्या पोराला 'घाटी' म्हणतो. पोरगं ऐकून घेतं. चवथीला घरी येताना भावंडांसाठी फटाके आणतं. तुम्ही इथं येता तेव्हा तुमच्याकडे कुणी आधार मागत नाही, अनामत मागत नाही. उलट खुर्ची देतात. हा फरक तुमच्या लक्षात यावा एवढीच अपेक्षा आहे. बाहेरचा माणूस म्हणून कुणाला उंबरठा किती उंच, हे पैशावर ठरतं आणि त्यात गावाचाही दोष आहेच.

बाहेरचं येणं उळवीला नवं नाही. कल्याणात, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, बिज्जळ राजाच्या काळात बसवण्णांच्या अनुयायांवर, शरणांवर, संकट आलं तेव्हा बसवण्णांचा भाचा चन्नबसवण्णा शरणांना घेऊन या रानात आला, इथंच समाधिस्थ झाला, म्हणून तर ही जत्रा. कुणब्यांच्या म्हाताऱ्या सांगतात की आमचे पूर्वज पोर्तुगिजांच्या छळाला कंटाळून घाट चढले. गवळी म्हशींमागून आले. सिद्दी आले, हव्यक भट सुपारीची बागायत घेऊन आले. कोणी जीव वाचवायला आलं, कोणी पोट भरायला. इथं राहायचंच म्हणून आले, म्हणून राहिले. शनिवार-रविवारसाठी आलेले तुम्ही पहिले.

मला कळतं, तुमचीही काही बाजू आहे. शहरात जीव घुसमटतो. नोकरी सुटत नाही. मुलांची दहावी असते. लगेच मुक्काम हलवता येत नाही, म्हणून आधी जागा घेऊन ठेवता. पण ठेवलेली जागा गावाला काही देत नाही, हे तुमच्या यादीत कुठं तरी यायला हवं. आमच्याकडे शाळेत मुलं किती यावर मास्तर किती हे ठरतं. बसमध्ये माणसं किती यावर फेरी टिकते. दुकानात गिऱ्हाईक किती यावर भाजी येते. जमिनी विकल्या गेल्या आणि माणसं वाढली नाहीत, तर शाळा, बस आणि दुकान तिन्ही उठतील, आणि मग तुम्ही साठाव्या वर्षी निवांत राहायला याल तेव्हा तुमच्या यादीत तोट्यांची बाजूच मोठी झालेली असेल.

उलटंही घडलेलं पाहिलंय. एक गृहस्थ आले, बायको-मुलीसह. यंत्रं दुरुस्त करायचं काम त्यांना येतं. पहिल्या पावसाळ्यात बेजार झाले, बायको दोनदा माहेरी गेली. आता आसपासच्या गावांतून पंप, इन्व्हर्टर, दळणाची चक्की बिघडली की त्यांना बोलावणं येतं. मुलगी सरकारी शाळेत कन्नड शिकते आणि वर्गातल्या पोरींकडून कोकणी. त्यांना आता कुणी 'पुण्याचे' म्हणत नाही, 'चक्कीवाले' म्हणतात. गावात भांडण झालं तर त्यांनाही ओढतात. राहायला आलं की हेही येणारच. शांतता हवी म्हणून येणाऱ्यांना सांगून ठेवते, खेड्यात एकांत मिळत नाही. तुमच्याकडे कोण आलं, काय शिजलं, नवराबायको बोलतात की नाही, सगळं चर्चेत असतं. आडनाव विचारतात, गाव विचारतात, मग देव विचारतात, आणि त्यातून जात काढतात. हे चांगलं आहे असं मी म्हणत नाही.

शाळेबद्दल विचारता म्हणून सांगते. २०१५ च्या कायद्यानं कर्नाटकात कुठल्याही मंडळाच्या शाळेत दहावीपर्यंत कन्नड शिकावंच लागतं. त्याला घाबरू नका, मूल सहा महिन्यांत बोलायला लागतं, तुम्हीच मागं राहाल. तालुक्यात मराठी शाळाही आहेत, पण कुठल्या गावात कुठली शाळा चालू आहे ते आधी बघा. मतदार यादीत नाव इथं आणा. ग्रामसभेला या, मागच्या बाकावर बसून मोबाइल बघू नका. किराणा दांडेलीच्या मोठ्या दुकानातून गाडी भरून आणण्याआधी इथल्या दुकानात काय मिळतं ते पाहा. जोयड्याला कंदमेळा भरतो, तिथं कुणबी बाया कणगं, मुडली मांडून बसतात. त्यांच्याशी घासाघीस करू नका, तो कंद काढायला किती खणावं लागतं ते एकदा बघून या. होमस्टे काढणार असाल तर रात्रीचे स्पीकर आणि बाटल्या यांचं काय करणार ते गावाला आधी सांगा, पाहुणे आल्यावर नको. आणि कृपा करून कचरा परत न्या. वानरांना प्लास्टिक उघडता येतं.

शेवटची विनंती. मृग लागल्यापासून चवथीपर्यंत इथं भाड्यानं राहून पाहा. एक खोली, एक चूल, गावची बस. मुलाला त्या काळात शाळेत बसवा, मास्तर नाही म्हणणार नाहीत. तेवढे दिवस निघाले तर पुढचं सावकाश ठरवता येईल. नाही निघाले तर जमीन घेऊ नका, जत्रेला या, जेवून जा.

खोली मिळवून द्यायचं काम मी आनंदानं करीन. जमीन दाखवायला मला कुणी फोन करू नये.



आपली,
एक निवृत्त मराठी शिक्षिका
उळवी